शेतातल्या नौकेची पृथ्वीप्रदक्षिणा

१/ १८९२ साली अमेरिकेतील निवृत्त कॅप्टन एबेन पिअर्स यांनी जोशुआ स्लोकम यांना एक नौका देऊ केली. फेअरहेवनला जाऊन पाहतात तो काय, ‘स्प्रे’ शेतात टेकू देऊन कापडाखाली झाकलेली! लांबी अवघी ३६ फूट ९ इंच.

२/ वरवरची डागडुजी न करता स्लोकम यांनी ती मुळापासून बांधली. जवळच्या कुरणातील ओक तोडून नवा कणा घडवला, फळ्या बदलल्या, सांध्यांत कापूस ठासला. साहित्याचा खर्च ५५३.६२ डॉलर, श्रम १३ महिन्यांचे.

३/ २४ एप्रिल १८९५ रोजी त्यांनी एकट्याने बोस्टन सोडले. दक्षिणेच्या वादळी समुद्रात शिरण्यापूर्वी ब्यूनोस आयर्स येथे डोलकाठी सुमारे ७ फुटांनी आखूड केली. शिडांचा समतोल असा साधला होता, की सुकाणू बांधून ठेवले तरी नौका दिशा सोडत नसे. हिंदी महासागरातील २३ दिवसांत ते सुकाणूपाशी एकूण तीन तासच बसले. एकट्या खलाशाला झोप मिळाली ती यामुळेच.

४/ २७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परतले. सुमारे ४६,००० मैलांची ही पहिली एकल पृथ्वीप्रदक्षिणा ठरली. १९०९ मध्ये स्लोकम आणि ‘स्प्रे’ दोघेही समुद्रात नाहीसे झाले. कारण कधीच कळले नाही. या प्रवासाला आपण धैर्यकथा म्हणतो. तिचा पाया मात्र फेअरहेवनच्या त्या सुतारकामात आहे.