घरची यादवी आणि परकी कुमक



एखाद्या देशात यादवी माजली असता बाहेरच्या राष्ट्रांनी तेथे सैन्य पाठवावे की नाही, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून वारंवार आपल्यासमोर येतो. अशा वेळी आपण नकाशात दूरचे देश शोधू लागतो. परंतु या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी ठाणे-कल्याणच्या रहिवाशांस दूर जाण्याचे मुळीच कारण नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हा प्रश्न याच खाडीच्या काठी लढवला गेला. परकी कुमक घरच्या भांडणात शिरली म्हणजे काय होते, याचा सगळा जमाखर्च ठाण्याच्या किल्ल्यापाशी उघडतो आणि वसईच्या तहापाशी पुरा होतो. आज तो जमाखर्च तपासावयाचा आहे.

थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे वारले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. चुलते रघुनाथराव यांनी पेशवाईची वस्त्रे मिळवली. पण रामशास्त्र्यांनी खुनाचा दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि नाना फडणीस, सखारामबापू बोकील प्रभृती मुत्सद्द्यांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई हिला १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर पुत्र झाला आणि थोड्याच दिवसांत त्या तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावेही साताऱ्याहून वस्त्रे आली. म्हणजे पेशवा कोण, या प्रश्नास एकाच गादीची दोन उत्तरे झाली. यादवीचे हेच खरे लक्षण होय. तीत केवळ दोन फौजा नसतात, दोन दावे असतात. आणि दोन्ही दाव्यांस थोडाबहुत कागदाचा आधार असतो.

रघुनाथराव गुजराथेकडे वळले आणि त्यांनी सुरतेच्या इंग्रज अधिकाऱ्यांशी बोलणे लावले. मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी आणि वसई यांवर फार दिवसांपासून होता. हा मुलूख मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडून जिंकला होता. ठाण्याचा किल्ला म्हणजे साष्टी बेटाची किल्लीच. रघुनाथराव मदत मागत होते, पण साष्टी द्यावयास नाखूष होते. पैशाच्या मोबदल्यात किल्ला मिळवण्याची ठाण्याच्या किल्लेदाराशी चाललेली बोलणीही फिसकटली. इतक्यात पोर्तुगीज आपला जुना मुलूख परत घेण्यासाठी आरमार आणत आहेत, अशी बातमी आली. ते घेण्यापूर्वी आपणच घेतलेले बरे, असे म्हणून इंग्रजांनी ठाण्यावर स्वारी केली. पहिला हल्ला मराठी शिबंदीने परतवला. दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबर १७७४ रोजी, किल्ला पडला आणि आतील बहुतेक शिबंदी कापून काढण्यात आली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन हाही या मोहिमेत जखमी होऊन मेला.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. ठाणे पडले डिसेंबर १७७४ मध्ये आणि रघुनाथरावांशी सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. मदतीचे वचन मागाहून आले, मोबदला आधीच खिशात पडला. सुरतेच्या तहाने इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिच्या खर्चासाठी रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख रुपये द्यावे, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे आणि साष्टी, वसई वगैरे मुलूख तोडून द्यावा, असे ठरले. ज्या ठाण्याच्या शिबंदीची कत्तल झाली, तिचा रघुनाथरावांशी किंवा बारभाईंशी कोणता करार होता? साष्टीतील कोळी, आगरी, भंडारी आणि ख्रिस्ती रयतेस कोणी विचारले होते? दावेदार आपल्या हक्कासाठी जो मुलूख देऊ करतो, त्या मुलखातील माणसांचा त्या हक्काशी काडीचाही संबंध नसतो. तरी किंमत त्यांनीच मोजावयाची असते.

पुढे घडले ते अधिकच बोधप्रद आहे. लढाईला तोंड लागले आणि मे १७७५ मध्ये अडास येथे मोठा रणसंग्राम झाला. पण १७७३ च्या कायद्याप्रमाणे मुंबईकरांस असे युद्ध करण्यास कलकत्त्याची संमती हवी होती. ती त्यांनी घेतली नव्हती. कलकत्त्याच्या कौन्सिलाने हे युद्ध अन्याय्य व अनधिकृत ठरवले आणि कर्नल अप्टन यास पुरंदरास पाठवून १ मार्च १७७६ रोजी तह केला. रघुनाथरावांचा पक्ष इंग्रजांनी सोडावा आणि त्यांनी दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन कोपरगावी राहावे, असे त्यात होते. परंतु साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. युद्ध अन्यायाचे, हे मान्य. पण त्या अन्यायाची मिळकत परत करण्याइतका न्याय कोणाच्याही अंगी नव्हता.

हा तहही टिकला नाही. विलायतेहून कंपनीच्या डायरेक्टरांनी सुरतेचा तह पसंत असल्याचे कळवले. पुण्यास सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस येऊन राहिल्यामुळे फ्रेंचांची धास्तीही पुढे करता आली. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज पुन्हा रघुनाथरावांस गादीवर बसवण्यास निघाली. लढाऊ माणूस चार हजारांच्या आत आणि ओझ्याचे बैल सुमारे एकोणीस हजार! बोरघाट चढून ही फौज मुंगीच्या पावलांनी तळेगावापर्यंत आली. आपण घाटावर पोचताच मराठे सरदार येऊन मिळतील, असा भरवसा रघुनाथरावांनी दिला होता. एकही नाव घेण्याजोगा सरदार आला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज कोंडले गेले आणि १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख परत करण्याचे लिहून देऊन सुटले. मुंबईस पोचताच तो करार त्यांनी नाकारला. परदेशी आश्रयास गेलेला दावेदार आपल्या मागे सारा देश उभा आहे असे सांगतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही, बहुधा त्याला स्वतःला तसे वाटत असते. पण त्याच्या शब्दावर फौज पाठवणे म्हणजे वादीच्या तोंडून निकाल ऐकण्यासारखे आहे.

यानंतर युद्ध आपल्या प्रांतात उतरले. १७८० च्या मे महिन्यात इंग्रजांनी कल्याण घेतले. मराठ्यांनी ते परत घेण्यासाठी जोर केला, पण हार्टले कुमक घेऊन आल्याने तो फसला. डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि त्याच सुमारास वसईच्या मदतीस निघालेले रामचंद्र गणेश दुगाडच्या लढाईत दाट धुक्यात ठार झाले. दुसऱ्या वर्षी गॉडर्ड बोरघाटापर्यंत जाऊन थांबला आणि हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजांनी हैराण होऊन पुन्हा पनवेलकडे उतरला. कल्याण सुभ्याच्या गावांनी दोन्ही बाजूंच्या फौजांची ये-जा सोसली. रघुनाथराव पेशवे व्हावेत की सवाई माधवराव, याने कल्याणच्या शेतकऱ्याच्या साऱ्यात पैचाही फरक पडणार नव्हता. त्याचे भात मात्र दोघांच्याही घोड्यांनी खाल्ले.

अखेर १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. वसई, कल्याण हा मुलूख मराठ्यांस परत मिळाला आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. रघुनाथरावांस काय मिळाले? दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक! जे १७७६ मध्ये देऊ केले होते तेच, सहा वर्षांच्या रक्तपातानंतर. पुढच्याच वर्षी ते कोपरगावी वारले. ज्याच्यासाठी म्हणून युद्ध झाले त्याच्या पदरात काही पडले नाही आणि ज्यांनी ‘मदत’ केली त्यांना ठाणे मिळाले. आज ठाण्याहून डोंबिवलीस जाणारी लोकल कळव्याची खाडी क्षणात ओलांडते. सालबाईनंतर पेशवाई बुडेपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, ती खाडी दोन राज्यांची सरहद्द होती. एका घरातील भांडणाने ठाणे आणि कल्याण ही शेजारची गावे परस्परांस परदेश झाली.

इतके भोगूनही दुसऱ्यांदा तीच वाट धरली गेली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरापाशी यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबर रोजी त्यांनी वसईस इंग्रजांशी तह केला. सहा पलटणींची तैनाती फौज कायमची आली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख गेला. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुण्यास परतले. गादी मिळाली, राज्य गेले. १८१८ मध्ये गादीही गेली.

येथे कोणी म्हणेल, हा सारा इंग्रजांच्या कपटाचा इतिहास झाला, तत्त्वाचा नव्हे. म्हणून आपल्याच घराकडे वळू. जयपूरच्या गादीसाठी ईश्वरीसिंग आणि माधोसिंग हे भाऊ भांडत होते, तेव्हा बाहेरची कुमक कोणाची होती? आपलीच. मराठे सरदारांनी पैसा घेऊन, कधी या भावाची तर कधी त्या भावाची बाजू धरली. खंडणीच्या तगाद्याने गांजून १७५० च्या डिसेंबरात ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली. ज्या माधोसिंगास मराठ्यांनी गादी मिळवून दिली, त्याच्याच जयपुरात १७५१ च्या जानेवारीत मराठ्यांची सरसहा कत्तल झाली. जो उपकार खंडणीच्या हिशेबाने होतो, त्याची परतफेडही तशीच होते. पुढे पानिपतास रजपूत आपल्या मदतीस का आले नाहीत, याचे एक कारण येथे सापडते. तेव्हा दोष इंग्रजांच्या जातीचा नसून व्यवहाराचा आहे. त्या जागी आपण असतानाही तो तसाच चालला.

मग परक्या यादवीत कोणी कधीच पडू नये काय? असे मी म्हणत नाही. १९७१ साली पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तेथील जनतेचा कौल कोणाकडे आहे, हे १९७० च्या निवडणुकीने स्पष्ट झाले होते. तेथे एका दावेदाराचा शब्द प्रमाण मानण्याची गरजच नव्हती. डिसेंबरात युद्ध झाले आणि १९७२ च्या मार्चपर्यंत आपली फौज परत आली. बांगला देशचे एकही ठाणे तिने स्वतःस ठेवले नाही. भारताचा स्वार्थ त्यात नव्हता असे नव्हे; पाकिस्तान दुबळा होणे आपणास हवेच होते. तरी मिळकत आधी आणि मदत मागाहून, असा सुरतेचा व्यवहार तो नव्हता.

परंतु हेतू निर्मळ असला म्हणजे काम फत्ते होते, असेही समजू नये. १९८७ च्या जुलैतील करारानुसार भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. तेथील सरकारची संमती होती, मुलूख घ्यावयाचा नव्हता. तरी ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्यातीलच लढवय्यांशी लढण्याची पाळी आली, सिंहली समाजही विरुद्ध गेला, आणि अकराशेहून अधिक जवान गमावून १९९० च्या मार्चमध्ये सेना परत आली. यादवीत तिसरा उतरला की तो तिसरा राहत नाही. तो दोघांपैकी एकाचा शत्रू होतो आणि कित्येकदा दोघांचाही.

या सर्व उदाहरणांवरून मला तीन प्रश्न सुचतात, आणि ते विचारल्यावाचून कोणत्याही राष्ट्राने परक्या यादवीत फौज पाठवू नये. बोलावतो कोण, दावेदार की जनता? मोबदला काय ठरला आणि तो कोणाच्या मालकीचा आहे? परत येण्याचा दिवस कोणता? ठाण्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरे वाईट होती. बांगला देशात ती पुष्कळ अंशी बरी होती. श्रीलंकेत दोन उत्तरे बरी असूनही तिसऱ्याचा विचार अपुरा पडला. म्हणजे हे प्रश्न यशाची हमी देत नाहीत; निदान फसवणूक ओळखू देतात.

आणि फौज न पाठवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. सुरतेच्या इंग्रजांना रघुनाथरावांस नुसता आश्रय देता आला असता. महादजींनी १७८२ मध्ये जी मध्यस्थी केली ती १७७५ मध्येही कोणी करू शकला असता, आणि अटी फारशा निराळ्या झाल्या नसत्या. शरणागतास आसरा, जखमींस औषध आणि दोन्ही पक्षांस बसण्यास एक जागा, एवढे देणारा शेजारी यादवीत खरा उपयोगी पडतो. त्यात त्याला मुलूख मिळत नाही, म्हणून असे शेजारी थोडे.

ठाण्याचा तो किल्ला पुढे तुरुंग झाला. १९१० साली अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तेथेच फाशी दिले गेले. घरच्या भांडणात मदतीस बोलावलेली फौज किती दिवस राहते, याचा हिशेब ज्यांना करावयाचा असेल, त्यांनी १७७४ पासून १९४७ पर्यंतची वर्षे मोजावी.