कोयत्याचं पाणी

आपल्याकडे इतिहास म्हटला की तो तलवारीचा. भवानी तलवार नेमकी कुठे आहे, या विषयावर आमच्या शाखेत कॅश बंद झाल्यावर जेवढे वाद झाले, तेवढे पगारवाढीवरही झाले नसतील. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं काही मुदतीसाठी साताऱ्याला आली, तेव्हा आमच्या दोन सहकाऱ्यांना एकाच दिवशी ताप आला आणि दोघांचाही ताप साताऱ्याला जाऊनच उतरला. कोयत्यासाठी मात्र आजवर कुणाला ताप आल्याचं ऐकिवात नाही.

आणि तरीही सांगतो, बावडा-इंदापूर भागाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास तलवारीनं नाही, कोयत्यानं लिहिलेला आहे. मी कॉमर्सचा पदवीधर; इतिहासाशी माझा अधिकृत संबंध थकबाकीच्या इतिहासापुरता. पण खातेवह्या चाळणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. मोठमोठ्या नावांखाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं, खरा हिशेब तिथेच असतो.

हा सगळा मुलूख पूर्वी कोरडा ठणठणीत. बाजरी-ज्वारी पिकली तर पिकली. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, नीरेवरच्या कालव्याच्या कामाला जोर आला आणि १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचं पाणी वाहू लागलं. पुढे भाटघरचं मोठं धरण १९२८ च्या आसपास पुरं झालं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यातच कळंबजवळ साखर कारखाना काढला. गावाचं नावच वालचंदनगर झालं. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखान्याचा पाया घातला आणि मग ज्याच्या त्याच्या तालुक्यात धुराडी उभी राहिली. आमच्याकडच्या एका सहकारी कारखान्याला बावड्याच्याच शंकरराव पाटलांचं नाव आहे. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून कोयता आला.

आता कोयता म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. नारळ फोडायचा तो वेगळा. उसाचा कोयता हलका, रुंद पात्याचा, टोकाशी किंचित वाकलेला. आठवडे बाजारात तो ढिगानं मिळतो आणि सगळे कोयते दिसायला जुळे भाऊ. पण बाजारातून आणलेला कोयता तसाच्या तसा फडात नेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आपण शर्ट विकत घेतला की घालतो. कोयता विकत घेतला की तो आधी शिवून घ्यावा लागतो!

पहिली दुरुस्ती मुठीची. कारखान्यातून येते ती मूठ गोल, गुळगुळीत. घाम आला की हातात फिरते. आणि मूठ फिरली की पातं फिरतं, पातं फिरलं की पुढचा हिशेब दवाखान्यात. म्हणून ती काढून बाभळीची नवी बसवायची. पात्याची शेपटी लाल करून लाकडात ठोकायची, म्हणजे ती आपली जागा आपण जाळून करून घेते. मग फुटक्या काचेच्या तुकड्यानं मूठ तासून चपटी-लांबट करायची. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. ज्या सायकलनं आयुष्यभर मालकाला पंक्चर काढायला लावलं, तिची ट्यूब मेल्यावर असा परोपकार करते.

दुसरी दुरुस्ती वजनाची. उसात साखर जास्त असते ती बुडख्याकडे, म्हणून तोड जमिनीलगत हवी. तोडणारा दिवसभर कमरेत वाकलेला. नवऱ्याच्या कोयत्याचं वजन बायकोच्या मनगटाला चालत नाही. म्हणून तिचा कोयता पाठीकडून घासून हलका करायचा, नाहीतर जुना झिजलेला तिला द्यायचा. (संसारात झिजलेली वस्तू बायकोकडे जाण्याची ही एकमेव पद्धत नव्हे, पण तो वेगळा लेख.)

तिसरी दुरुस्ती धारेची. इथे माझ्यासारख्या अर्धवट शहरी माणसाला वाटतं, धार म्हणजे वस्तऱ्यासारखी हवी. अजिबात नाही. जमिनीलगत घाव घालताना खडा लागतोच. फार पातळ धार लगेच मुडपते आणि फार जाड धार उसावरून परत येते, सहीविना आलेल्या चेकसारखी. नेमकी मधली धार कानशीनं काढायची, दगडावर घासायची, आणि फडातही मोळ्या बांधताबांधता पुन्हा लावायची.

पण घरच्या कारागिरीला एक मर्यादा असते. धार पार गेली की कोयता शेवटून आणायला लोहाराकडेच जावं लागतं. बारा बलुतेदारांत लोहाराचा मान वरचा. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ही बलुत्यांची व्यवस्था लिहून ठेवली आहे. तेव्हा लोहाराला मजुरी धान्यात मिळे. आता बलुतं गेलं, रोकड आली, आणि कच्चं लोखंड जाऊन ट्रकच्या कमानीचा पाटा आला. खड्ड्यांतून लाखो मैल दणके खाल्लेलं ते पोलाद. त्याच्यात कार्बन असतो शेकडा अर्ध्याच्या जरासा वर. आमच्या बँकेत अर्ध्या टक्क्यासाठी लोक ठेवी हलवतात. लोखंडात तोच अर्धा टक्का खिळ्याचा कोयता करतो.

आमच्या ओळखीच्या एका लोहारआबांचं दुकान भर दुपारी अंधारं असतं. मी विचारलं, “आबा, एखादी खिडकी का नाही पाडत?” तर म्हणाले, “सायेब, रंग बघायचा तर उजेड कशाला?” तापलेल्या पोलादाचा रंग हेच त्यांचं थर्मामीटर. नीट लाल झालं की पाण्यात बुडवायचं, याला म्हणतात पाणी देणं. मग पातं काचेसारखं कडक होतं. पण काचेसारखंच फुटतंही. म्हणून पुन्हा हलकं शेकायचं, म्हणजे धार कडक राहते आणि पाठ जरा नमतं घेते. अशा पाणीदार पात्याला घरी इलेक्ट्रिकच्या चाकावर कुणी उत्साहानं घासलं, ठिणग्या उडवल्या आणि कडा निळी पडली, की संपलं. पाणी उतरलं. दिसायला कोयता तोच. पण पाणी उतरलेला माणूस आणि पाणी उतरलेला कोयता, दोघेही फक्त भिंतीवर टांगायच्या कामाचे.

कायद्यालाही या वस्तूनं थोडं गोंधळात टाकलं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचे नियम सांगतात की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार म्हणजे शस्त्र. मात्र घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं असेल तर नाही. म्हणजे पट्टीनं मोजलं तर आमचा अर्धा तालुका सशस्त्र, आणि कामानं मोजलं तर एकदम सोज्वळ! पुण्यात मात्र काही उनाड पोरांनी कोयता रस्त्यावर काढला, आणि २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधारकार्ड पाहायला सांगितलं. बिचाऱ्या कोयत्याला ओळखपत्र मागायची वेळ आली.

खरी गंमत अशी, की ज्यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांची ओळख मात्र कोयता हीच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड-नगरकडून ऊसतोडीला येणाऱ्यांची रीघ वाढली. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं बैलगाड्या-ट्रॅक्टरमधून येतात, पाचटाच्या कोप्या घालतात. मुकादमानं आधीच उचल दिलेली असते, आणि त्याच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. आमच्याकडे जोडखात्याला दोन फोटो आणि दोन सह्या लागतात. तिथे दोन माणसांचं मिळून एक पातं, आणि नाव बहुधा नवऱ्याचं.

या हिशेबात एक दिवस घरी बसलं की खाडा, आणि खाड्याला दंड. मी किरकोळ रजेचा अर्ज भरताना कारण लिहितो ‘घरगुती’. त्या बाईला घरगुती कारणच परवडत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीच्या त्रासानं खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. इथे माझा विनोद थांबतो.

ही रीत आजची नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर ऊस तोडायला हिंदुस्थानातून करारावर माणसं गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. तिथे एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापत. समुद्र बदलला, वही बदलली नाही.

आणि वहीचं महत्त्व या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. १२ मे १८७५ ला इथून जवळच सुप्याला कर्जानं गांजलेले शेतकरी उठले. ते लोण आमच्या इंदापुरापर्यंत आलं. घरोघरी विळे-कोयते होते. पण लोकांनी सावकारांकडे मागितली ती दस्तऐवजं आणि जाळले ते कागद. धारदार काय असतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

आता हार्वेस्टर आले आहेत. त्यांची मूठ तासावी लागत नाही. पण कोयता अजून संपलेला नाही. मागच्या हंगामात एक मावशी खातं काढायला आल्या. मी विचारलं, “मावशी, धंदा काय लिहू?”

“कोयता.”

“म्हणजे पूर्ण?”

“न्हाई ओ दादा. अर्धा मालक, अर्धा म्या.”

संगणकात ‘अर्धा कोयता’ असा धंदा नाही. मी ‘मजूर’ लिहिलं, त्यांचा एकट्यांचा फोटो चिकटवला आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. त्या म्हणाल्या, “सई येती मला,” आणि जरा वेळ लावून, पेन कोयत्यासारखं घट्ट धरून, अख्खं नाव लिहिलं.