लंडनचे टॅक्सीवाले आणि मोठ्या वयातले पाठांतर

लंडनमध्ये काळी टॅक्सी शहरभर चालवायची, तर हिरवा बिल्ला लागतो आणि त्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात. ‘नॉलेज’ नावाची ही परीक्षा १८६५ पासून, म्हणजे घोडागाड्यांच्या जमान्यापासून चालत आली आहे. ती देणारे शाळकरी वय केव्हाच मागे टाकलेले असतात. अनेक जण नोकरी सांभाळून तयारी करतात आणि तिला तीन-चार वर्षे सहज जातात.

अभ्यासाची रीत ठरून गेलेली आहे. ‘ब्लू बुक’मध्ये ३२० मार्ग दिलेले असतात, पूर्वी ते ४६८ होते. पहिला मार्ग मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. उमेदवार मोपेडच्या हँडलवर नकाशा अडकवून तो मार्ग स्वतः फिरतो, दोन्ही टोकांच्या पाव मैलातली इस्पितळे, हॉटेले, नाटकगृहे टिपून ठेवतो आणि घरी येऊन कुणाला तरी समोर बसवून सगळे म्हणून दाखवतो: ग्रीन लेन्सने निघायचे, पुढे सेंट पॉल्स रोड, हायबरी कॉर्नरला वळसा, मग अपर स्ट्रीट... तोंडी परीक्षेला सूट-टाय घालून जायचे. परीक्षक दोन ठिकाणांची नावे घेतो. ती कुठे आहेत ते सांगून, नकाशा न पाहता, वळणावळणासकट जवळचा रस्ता सांगायचा. सुरुवातीला दोन परीक्षांमध्ये ५६ दिवस असतात, पुढे २८ आणि शेवटी २१.

ही पद्धत रुळत होती त्या काळात विद्वानांचे मत मात्र प्रौढ विद्यार्थ्याला अनुकूल नव्हते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये असे मांडले, की स्वतःच्या धंद्याबाहेरचे नवे विचार पंचविशीनंतर माणसाच्या डोक्यात फारसे शिरत नाहीत. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ च्या ‘अ‍ॅडल्ट लर्निंग’मध्ये प्रयोगांच्या आधारे यात दुरुस्ती केली: शिकण्याची क्षमता विशीनंतर घटते खरी, पण वर्षाला जेमतेम एक टक्का. तरीही मोठ्या माणसाचा मेंदू एकदा घडला की घडला, ही समजूत विसाव्या शतकात बराच काळ टिकून राहिली.

तिला धक्का देणाऱ्या संशोधनात टॅक्सीवाल्यांचाही वाटा आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एलेनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये १६ चालकांच्या मेंदूच्या एमआरआय चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागांची आठवण सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा होता, आणि धंद्यात जितकी जास्त वर्षे तितका तो अधिक मोठा. पण ज्यांचा मेंदू मुळातच असा तेच या धंद्यात टिकत असतील, ही शंका त्याने मिटत नव्हती. नुसत्या गाडी चालवण्याचा हा परिणाम असेल, ही दुसरी शंका. ठरलेल्याच मार्गांवर गाडी नेणाऱ्या बसचालकांशी २००६ मध्ये तुलना केल्यावर दुसरी शंका गेली. पहिलीला उत्तर मिळाले २०११ मध्ये. कॅथरिन वूलेट आणि मॅग्वायर यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू तयारीच्या सुरुवातीलाच तपासून ठेवले होते. तेव्हा त्यांच्यात आणि सामान्य लोकांत फरक नव्हता. पुढे ३९ जण उत्तीर्ण झाले आणि हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागाची वाढ फक्त त्यांच्यात दिसली. नापासांपेक्षा त्यांनी आठवड्याला सुमारे दुप्पट तास अभ्यास केला होता, ही नोंद शिक्षकांच्या दृष्टीने वाढीइतकीच मोलाची आहे.

प्रौढांना शिकवणाऱ्यांनी या रीतीकडे नीट पाहायला हवे. प्रत्यक्ष फिरून शिकणे, पुस्तक मिटून आठवणे, अंतराअंतराने पुन्हा परीक्षा देणे, ही सगळी सूत्रे आता शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. टॅक्सीवाल्यांनी ती धंद्याच्या गरजेपोटी घडवली. घोकंपट्टीला नाके मुरडणाऱ्यांना हे पटायला जड जाईल, पण इथे घोकण्याआधी पायपीट, निदान चाकपीट, झालेली असते.

मात्र या शिकण्याची किंमतही मोजावी लागते. अनुभवी चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग लहान आढळला, आणि गुंतागुंतीची आकृती थोड्या वेळाने आठवून काढण्यात ते इतरांहून मागे पडले. २०११ च्या अभ्यासात नव्याने उत्तीर्ण झालेल्यांमध्येही आकृती आठवण्यातली हीच उणीव दिसली.