टायफस आणि टायफॉइड : नावे जुळी, आजार वेगळे

मागच्या पावसाळ्यात एका शेतकरी बाईंना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. आठ दिवस सणसणून ताप, डोके ठणकत होते, अंगात त्राण नव्हते. हातात विडाल तपासणीचा कागद होता आणि चार दिवस टायफॉइडची इंजेक्शने होऊनही ताप हटत नव्हता. तपासताना काखेत एक काळी, कोरडी खपली दिसली, विडीचा चटका बसल्यासारखी. बाईंना ती दुखत नव्हती, त्यामुळे ती आहे हेच त्यांना माहीत नव्हते.

मी म्हटले, "हा स्क्रब टायफस असावा."

मुलगा म्हणाला, "म्हणजे टायफॉइडच ना, डॉक्टर? त्याचीच तर इंजेक्शनं चालू आहेत."

त्याचे काही चुकले नव्हते. हा गोंधळ त्याने केलेला नाही, तो वैद्यकशास्त्राने दोनशे वर्षांपूर्वी स्वतःच करून ठेवला आहे.

धुराचा ताप

'टायफोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ धूर किंवा धुके. तीव्र तापात रुग्ण गुंगीत जातो, बरळतो, समोरच्या माणसाला ओळखत नाही, जणू बुद्धीवर धुके पसरते. अशा तापांना अठराव्या शतकात युरोपात 'टायफस' म्हणू लागले. तुरुंगात, जहाजांवर, सैन्याच्या छावण्यांत, दुष्काळात, म्हणजे जिथे माणसे दाटीवाटीने आणि अंघोळीवाचून राहत तिथे हा ताप येई. इंग्लंडमध्ये त्याला तुरुंगाचा ताप असेही नाव होते.

1829 मध्ये पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी तापाने दगावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या रुग्णांच्या लहान आतड्यात व्रण होते, प्लीहा सुजलेली होती. या आजाराला त्यांनी 'टायफॉइड' हे नाव वापरले. 'ऑइड' या प्रत्ययाचा अर्थ 'सारखा'. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी ग्रंथी, खांद्याचा डेल्टॉइड म्हणजे डेल्टा या ग्रीक अक्षरासारखा स्नायू. तसा टायफॉइड म्हणजे टायफससारखा ताप.

'सारखा' म्हणजे 'तोच' नव्हे. पण त्या काळी बहुतेक डॉक्टर हा एकाच आजाराचा सौम्य-तीव्र प्रकार मानत. लुई यांचे अमेरिकन शिष्य विल्यम गेरहार्ड यांना मात्र शंका आली. 1836 मध्ये फिलाडेल्फियात टायफसची साथ आली. पॅरिसमध्ये टायफॉइडची आतडी पाहिलेल्या गेरहार्डनी इथली शवविच्छेदने केली, तर आतड्यात ते व्रण नव्हतेच. अंगावरचे पुरळही वेगळे होते. टायफॉइडमध्ये पोटावर मोजके गुलाबी ठिपके येतात, टायफसमध्ये अंगभर गडद पुरळ उठते. 1837 मध्ये त्यांनी हे दोन वेगळे आजार असल्याचे लिहिले. लंडनच्या फीवर हॉस्पिटलमधील विल्यम जेनर यांनी 1850 च्या सुमारास बारीक निरीक्षणांनी तेच दाखवले. लस शोधणारे एडवर्ड जेनर ते हे नव्हेत. इथेही नावाचा घोळ आहेच!

एक पाण्यातून, दुसरा कपड्यांतून

आजार वेगळे, तर त्यांचे रस्तेही वेगळे असणार. इंग्लंडमधील विल्यम बड यांनी 1839 मध्ये आपल्या गावातली टायफॉइडची साथ घरोघर फिरून पाहिली आणि पुढे ठामपणे मांडले की रोगाचे विष रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते. तेव्हा जंतू कोणी पाहिलाही नव्हता. तो एबर्ट यांना 1880 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला.

टायफसचे कोडे ट्युनिसमध्ये सुटले. शार्ल निकोल यांच्या लक्षात आले की रुग्ण घरात, रस्त्यावर आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत इतरांना आजार देतो, पण अंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात नेल्यावर शेजारच्याला काही होत नाही. म्हणजे दोषी कपड्यांत होता. 1909 मध्ये त्यांनी माकडांवर प्रयोग करून सिद्ध केले की अंगावरच्या उवा हा रोग पसरवतात. त्यासाठी 1928 चा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. या जंतूचे नाव रिकेट्सिया प्रोवाझेकी. रिकेट्स आणि प्रोवाझेक हे दोघेही टायफसचा अभ्यास करतानाच टायफसने वारले, एक 1910 मध्ये, दुसरा 1915 मध्ये.

गंमत म्हणजे जर्मन भाषेत आजही 'टायफस' या शब्दाचा अर्थ आपला टायफॉइड. इंग्रजीतल्या टायफसला ते 'ठिपक्यांचा ताप' अशा अर्थाचे वेगळे नाव वापरतात. आपणही मागे नाही. मराठीत टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणतात आणि विषमज्वरही. आयुर्वेदात मात्र विषमज्वर म्हणजे चढउतार होत राहणारा ताप, ज्याचे वर्णन मलेरियाशी अधिक जुळते.

आज हा फरक का महत्त्वाचा?

उवांचा टायफस आता आपल्याकडे क्वचितच. पण त्याचा नातेवाईक स्क्रब टायफस आहे. गवत-झुडपांतल्या चिगर या अतिसूक्ष्म किड्याच्या अळ्या चावल्याने तो होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते.

टायफॉइडला आपण सर्रास सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शने देतो. ती जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर काम करतात. स्क्रब टायफसचा जंतू आपल्या पेशींच्या आत लपतो आणि त्याच्यावर ही औषधे चालत नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लीन लागते, जे अतिशय स्वस्त आहे. उशीर झाला तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार पोचतो आणि जीवही जातो. शिवाय एकट्या विडालवर टायफॉइडचे निदान पक्के होत नाही. ती इतर तापांतही पॉझिटिव्ह येऊ शकते. शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चर करावे.

म्हणून पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप आला तर शेतात, गवतात, जंगलात गेला होतात का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. काख, जांघ, कंबर, स्तनांखाली काळी खपली आहे का ते पाहा. ती सगळ्यांनाच असते असे नाही. टायफॉइडचे औषध चार-पाच दिवस घेऊनही ताप अजिबात उतरत नसेल, तर "डॉक्टर, दुसरे काही असेल का?" असे जरूर विचारा. डॉक्सिसायक्लीन मात्र मनाने घेऊ नका.

त्या बाईंचा ताप औषध बदलल्यावर दोन दिवसांत उतरला. जाताना मुलाने विचारले, "मग आजाराचं नाव काय लिहून ठेवू?" मी त्याच्या वहीत मोठ्या अक्षरांत 'स्क्रब टायफस' लिहिले आणि खाली एक ओळ जोडली : टायफॉइड नव्हे.