बालचित्रकादंबरी : कुटुंब, आजार आणि परलोक

चित्रचौकटी व संवादफुग्यांतून मुलांसाठी सांगितलेली दीर्घ कथा. घरातले आजारपण आणि मृत्यू हे विषयही ती हाताळते. अमेरिकन चित्रकार रेना टेल्गेमायर यांच्या ‘घोस्ट्स’मध्ये (२०१६) सिस्टिक फायब्रोसिसने आजारी असलेली माया आणि तिची थोरली बहीण कॅटरिना मेक्सिकन ‘मृतांच्या दिवसा’च्या निमित्ताने मरणाच्या भीतीला सामोऱ्या जातात. गेलेल्यांना सणावारी आठवणे वऱ्हाडी मुलांनाही परके नाही : अमरावती-अकोल्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. मेळघाटातील कोरकू आदिवासी मृतांच्या स्मरणार्थ ‘मुंडा’ हा लाकडी स्मृतिस्तंभ उभारतात. त्यावर चंद्र, सूर्य व घोडेस्वार कोरतात. गेलेल्या माणसाची आठवण चित्रातून जपणारी ही मोलाची परंपरा या साहित्यप्रकाराला जवळची आहे.