तळटीप : कोठडीतला कॅमेरा
रायपूरच्या पोलीस ठाण्यांनाही लागू असलेला हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी दिला : प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही लावावेत आणि चित्रण १८ महिने जपावे. पालनावर देखरेखीसाठी जिल्हा समिती आहे. पण तिच्यात पोलीस अधीक्षकही सदस्य. ज्यांची तपासणी करायची त्यांनाच समितीत बसवणे चूकच. २०२५ मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयालाच पुन्हा घ्यावी लागली. कोठडीत मारहाण झाल्यास नातेवाइकांनी रायपूरच्या राज्य मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करून चित्रण ताबडतोब मागवण्याचा आग्रह धरावा. आयोगाला ते मागवण्याची मुभा २०२० च्या याच निकालात आहे. —संपादक