विकणे आहे: १९६० ची एडसेल
अमेरिकेत कुठे १९६० ची एडसेल विक्रीला दिसली की जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे डोळे चमकतात. गंमत बघा, तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं, म्हणूनच आज ती दुर्मीळ! त्या वर्षीच्या मॉडेलच्या जेमतेम २,८४६ गाड्या बनल्या.

सप्टेंबर १९५७ मध्ये फोर्ड कंपनीने मोठा गाजावाजा करून एडसेल आणली. नेमकी मंदी आली, त्यात किंमत घरच्याच मर्क्युरीला भिडणारी. नोव्हेंबर १९५९ मध्ये गाशा गुंडाळला.

वाईट वाटतं ते एडसेल फोर्डचं. हेन्री फोर्डचा हा मुलगा १९४३ मध्येच वारला होता. देखणी लिंकन कॉन्टिनेंटल त्याच्याच कल्पनेतली. पण लोकांच्या तोंडी त्याचं नाव राहिलं ते अपयशासाठी. निर्णय साहेबांचे, बदनामी मात्र गेलेल्या माणसाची! योजनांना थोरांची नावं देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.